सागरी महामार्ग करताय, तर थांबायलाही जागा ठेवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या बातम्या अधूनमधून येतात आणि प्रत्येक बातमीत तेच असतं, अमुक खाडीवर पूल होणार, तमुक ठिकाणचा वळसा वाचणार, मुंबईहून सिंधुदुर्ग एवढ्या तासांत. वाचून बरं वाटतं, कोकणाला रस्ता हवाच आहे, ज्यांना रोज खाडी ओलांडून कॉलेजला नाहीतर दवाखान्यात जावं लागतं त्यांना विचारा. पण या बातम्यांत एक गोष्ट मला कधीच दिसली नाही, ती म्हणजे या रस्त्यावरून जाणारा माणूस मधे कुठेतरी थांबणार, जेवणार, त्याला बाथरूमला जायचं असणार, गाडी कुठेतरी लावायची असणार. मी आणि नवरा जानेवारीच्या शेवटी याच रस्त्याने गाडीने थेट रेड्डीपर्यंत जाऊन आलो, त्याबद्दलच लिहायचंय. पत्र लांबलंय, कात्री लावायची असेल तर किल्ल्यांच्या भागाला लावा, जेवणाच्या नको.

आधी आमच्याबद्दल थोडं. गाडी मी चालवते, नवरा शेजारी बसून मॅप बघतो आणि भूक लागली की सांगतो. त्याच्या घरी माळ आहे त्यामुळे मासे-मटण वर्ज्य, मी मात्र मासे खाणारी. निघायच्या आधी सासूबाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं की याला कोकणात नेऊन उपाशी मारशील. परत आल्यावर वजन त्याचंच वाढलेलं होतं, हे इथे मुद्दाम नमूद करते.

हा रस्ता म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर, रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गाच्या टोकाला रेड्डीपर्यंत. कल्पना जुनी आहे, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची म्हणजे १९८०-८२ ची, आणि आज जो रस्ता आहे तो खरं तर गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांची जोडलेली माळ आहे, मधे खाडी आली की जंगलजेटी, म्हणजे गाडीसकट नेणारी फेरीबोट. कुठे नवंकोरं डांबर, कुठे दोन एसट्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल असा बोळ. ज्यांना लवकर पोचायचंय त्यांनी हायवेने जावं, इथे ॲव्हरेज स्पीड तीसच्या वर गेला तर स्वतःला नशीबवान समजायचं. आम्हाला घाई नव्हती.

मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीने, मांडव्याला उतरलो, ही सोय २०२० पासून झाली आहे आणि ज्याने कुणी सुरू केली त्याचं भलं होवो, कारण पनवेल-पेण-वडखळचं ट्रॅफिक ज्यांनी भोगलंय त्यांनाच त्याची किंमत कळेल. अलिबागच्या पुढे एका वाडीबाहेर खडूने लिहिलेली पाटी दिसली, 'पोपटी मिळेल'. थंडीतच मिळणारा प्रकार, वालाच्या शेंगा लागल्या की. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा, म्हणजे एका वासाच्या रानझुडपाचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, वांगी, कुणाला हवं तर अंडी नाहीतर मसाला लावलेलं चिकन, जाडं मीठ आणि ओवा, वरून पुन्हा पाला कोंबून तोंड बंद, मग मडकं उपडं करून भोवती पालापाचोळा आणि काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही. आमच्यासाठी त्यांनी वेगळं, बिनचिकनचं मडकं लावलं, अजिबात कुरकुर न करता. अर्धा-पाऊण तास लागला, तेवढ्यात त्या घरातल्या आजींनी नवऱ्याची सगळी वंशावळ विचारून घेतली. मडकं फोडलं आणि भांबुर्डीचा तो वास, थोडा ओव्यासारखा थोडा धुराचा, गाडीत पुढे मुरूडपर्यंत होता. हे सगळं रस्त्यापासून वीस पावलांवर, पण गाडी लावायला जागा म्हणाल तर शून्य, आमची अर्धी गाडी रस्त्यावर आणि प्रत्येक हॉर्नला मी उठून बघतेय.

मुरूडला जंजिरा लांबूनच पाहिला, मग आगरदांड्याहून दिघीला जंगलजेटी. इथे पूल होणार म्हणतात, होऊ दे. पण जेटीवर जी वाट बघावी लागते ना तिच्यावर किती जणांचं पोट आहे तेही बघा, भजी, लिंबू सरबत, उकडलेले शेंगदाणे, ओला काजू निघाला की ओला काजू, करवंदाच्या दिवसांत द्रोणातून करवंदं. पुलावरून ८० च्या स्पीडने जाणारा माणूस करवंदं घेत नाही.

दिवेआगर आता सगळ्यांना माहितीये. १९९७ मध्ये सुपारीच्या वाडीत सोन्याचा गणपती सापडला तेव्हापासून गाव नकाशावर आलं, २०१२ मध्ये दरोड्यात तो चोरीला गेला, २०२१ मध्ये परत बसवला. पण गावाला खरा तडाखा बसला तो ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाने. ज्या घरी आम्ही जेवलो तिथल्या काकू सांगत होत्या, सकाळी वाडी होती आणि दुपारी आभाळ दिसत होतं. सुपारीचं झाड लावलं की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, नारळाचंही तसंच, मधली वर्षं घर कशावर चालणार? तर खानावळीवर. पूर्वी खानावळ हा जोडधंदा होता, उन्हाळ्यात चार पैसे वर, आता तोच मुख्य झालाय. हे ऐकल्यापासून मी कोकणातल्या घरगुती खानावळीबद्दल 'एवढे पैसे घेतात' असं म्हणणाऱ्यांशी वाद घालते.

त्या काकूंकडे मी स्वयंपाकघरात जाऊन बसले, परवानगी काढून. मोदक चालले होते. उकड इतकी गरम की मी हात लावला तर चटका बसला आणि त्या मात्र पाण्याचा आणि तेलाचा हात घेत आरामात मळत होत्या, मग गोळी घेऊन अंगठ्याने खोलगट करत पारी, कडेला इतकी पातळ की पलीकडचा प्रकाश दिसेल, चिमटीने कळ्या पाडायच्या, आत सारण, आणि सगळ्या कळ्या वर गोळा करून टोक काढायचं. हळदीची पानं पावसाळ्यातली, त्यामुळे या दिवसांत मोदकपात्रात केळीचं पान. बोलता बोलता ताट भरलं. नवऱ्याने किती खाल्ले ते लिहीत नाही, ते घरी मोजले जातात. पण मुद्दा असा की हे मोदक तुम्ही दुपारी एक वाजता दारात उभं राहून मागितले तर मिळत नाहीत. सकाळी फोन करून सांगावं लागतं, किती माणसं, शाकाहारी किती, मासा कुठला, भाकरी की चपाती. मग नारळ खोवला जातो, मग कुणीतरी बाजारात जातं. लोकांना हे माहीत नसतं, ते येतात, 'काहीच रेडी नाही' म्हणून तोंड वाकडं करतात आणि ऑनलाइन एक स्टार देऊन जातात. अहो, रेडी नाही म्हणूनच तर चांगलं आहे ते.

आणि हे फोन नंबर मिळणार कुठून? गूगलवर निम्म्या खानावळी नाहीतच, ज्या आहेत त्यांचे नंबर बदललेत, मॅप भलत्याच गल्लीत नेतो. सरकारची निवास-न्याहारी योजना आहे, त्यात घरं रजिस्टर होतात. तशीच खानावळींची साधी यादी तालुक्याने करावी आणि गावाच्या वेशीवर एक बोर्ड लावावा, खानावळींची नावं, नंबर, शाकाहारी-मांसाहारी, बस. पुलाच्या खर्चात हा बोर्ड कुठे दिसणारही नाही.

श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याला पुन्हा जंगलजेटी आणि पलीकडे वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. ही सावित्रीची खाडी. जेटीवर गाडी चढवताना तो पोरगा हाताने 'येऊ द्या येऊ द्या' करतो आणि बाई स्टिअरिंगवर दिसली की त्याचा आवाज आपोआप दुप्पट होतो, नवरा शेजारी बसून हसत असतो. वेळासला कासवांचा हंगाम अजून पुरता सुरू व्हायचा होता, पिल्लं बाहेर पडताना बघायची तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल, आम्हाला फक्त किनाऱ्यावरची जाळी लावलेली हॅचरी दिसली. पण या गावाकडून शिकण्यासारखं आहे, २००२ च्या सुमारास इथे ऑलिव्ह रिडलेची अंडी वाचवायचं काम सुरू झालं आणि आज कासवं बघायला येणारा माणूस गावातल्या घरातच राहतो, घरातलंच जेवतो. मोठं हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही. आम्हाला मिळालं ते कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, पोह्याचा पापड आणि आमसुलाचं सार. कुळीथ हा प्रकार शहरात लोक विसरले.

केळशी, आंजर्ले, मग हर्णै. हर्णैला संध्याकाळचा मासळी लिलाव बघायलाच हवा. बोटी आत उभ्या, माल किनाऱ्यावर, वाळूत बैलगाड्या, बर्फाच्या लाद्या, आणि बायका कमरेवर हात ठेवून बोली लावतायत, मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. (सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तिकडे अलिबागजवळचा खांदेरी हे चारही याच किनाऱ्यावरचे किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेत, म्हणजे गर्दी वाढणार हे नक्की, हाही मुद्दा लक्षात घ्या.) लिलावात दोन मिनिटांत काय झालं ते आपल्याला कळत नाही, टोपली या पायाशी होती ती त्या पायाशी जाते. मी मोठी सुरमई बघून ठेवली होती, माझ्या डोळ्यादेखत गेली. शेवटी एका मावशींकडून हलवा घेतला, साफ करून घेतला आणि दापोलीच्या वाटेवरच्या ओळखीच्या खानावळीत नेऊन दिला, त्यांनी तळून दिला, फक्त मसाल्याचे आणि तेलाचे पैसे घेतले. ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते, विचारायला लाजू नका. जून-जुलैत मात्र मासेमारी बंद असते, तेव्हा 'फ्रेश' म्हणून काय मिळतं ते आपलं आपण समजून घ्यावं, त्या दिवसांत सुका बांगडा, सुकट, बोंबील खावेत, त्यातही मजा आहे.

पण आता रडगाणं. हर्णै ते दाभोळ या पट्ट्यात मला बाथरूमला जायचं होतं. एका पेट्रोल पंपावर गेले तर टॉयलेटला कुलूप, चावी मालकाकडे, मालक जेवायला. पेट्रोल पंपाने स्वच्छतागृह, हवा, प्यायचं पाणी फुकट द्यायचं हा नियम आहे, त्या पोराला सांगितलं तर तो म्हणे मॅडम पुढे जंगल आहे. त्याला चेष्टा करायची नव्हती, तो खरंच उपाय सुचवत होता! शेवटी एका घराचं दार वाजवलं, त्या बाईंनी एक शब्द न विचारता आत घेतलं, वर कोकम सरबत दिलं. कोकणी माणसाचा हा चांगुलपणा आहे म्हणून चाललंय, पण शेकडो किलोमीटरचा पर्यटन रस्ता लोकांच्या चांगुलपणावर चालवायचा का? पुरुष मंत्री, पुरुष इंजिनिअर, पुरुष ठेकेदार, नकाशात टॉयलेट आलं तर कुठून येणार. जेटी तिथे टॉयलेट, बीच तिथे टॉयलेट, आणि साफ ठेवायला गावातल्या बचत गटाला पगार द्या, नुसतं बांधून उद्घाटन करून कुलूप नको.

दाभोळ ते धोपावे ही तर महाराष्ट्रातली जंगलजेटीची सुरुवात, २००३ पासून चालू आहे. वाशिष्ठीची खाडी. ती नसती तर चिपळूणला वळसा घालून गुहागर गाठायला शंभरावर किलोमीटर पडले असते. पलीकडे गुहागर, तिथे माझी मासळी थांबली आणि नवऱ्याचं राज्य सुरू झालं. वालाची डाळिंबी उसळ, वाल भिजवून मोड आणून एकेक सोलायचे, त्याला ओलं खोबरं, कोकम, गूळ. सोबत आंब्याचं लोणचं, ताक, केळीच्या पानावर मऊ भात आणि वरण, वर तूप. त्या खानावळीत पंगतीसारखं बसवतात, नको म्हटलं तरी वाढतात. नवरा म्हणाला आपण इथेच राहू, रेड्डीला तू एकटी जाऊन ये. हेदवीला दशभुज गणपती, बामणघळीत समुद्र आत घुसून फवारा उडतो ते भरतीच्या वेळी बघायचं, ओहोटीला गेलात तर नुसती फट दिसते. मग तवसाळ ते जयगड, ही शेवटची जेटी, शास्त्री नदीवरची. इथेही पूल होणार.

मालगुंडला केशवसुतांचं घर, गणपतीपुळे, आणि तिथून रत्नागिरीकडे जाणारा आरे-वारेचा रस्ता. गाडी चालवणाऱ्या माणसाने या रस्त्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिले तर समजून घ्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली दोन पुळणी आणि मधे खडकाचं टोक, वळण संपलं की पुढचं वळण, आणि प्रत्येक वळणावर समुद्राचा रंग वेगळा. आणि त्याच वळणावर, ऐन वळणावर, कुणीतरी गाडी थांबवून दरवाजा रस्त्याच्या बाजूला उघडून फोटो काढत असतो. एकदा नाही, सतत. लोकांना शिव्या देऊन काय उपयोग, दृश्य असं असताना माणूस थांबणारच, तुम्ही त्याला थांबायला जागाच दिली नाही तर तो वळणावर थांबेल. दर दोन-तीन किलोमीटरवर चार गाड्या मावतील एवढा खिसा रस्त्याच्या कडेला काढायला काय अडचण आहे मला कळत नाही. रुंदीकरणात डोंगर कापायला मशीन असते ना, तेवढंच अजून दहा फूट. आणि त्या खिशात शहाळंवाल्याला बसू द्या, त्याला अतिक्रमण म्हणून उठवू नका.

रत्नागिरी शहर भरभर ओलांडलं, थिबा राजवाडा आधी पाहिला होता. पावस, गावखडी, कशेळी, आडिवरे हा भाग बहुतेक लोक वगळतात आणि मला वाटतं सगळ्यात सुंदर तोच आहे. आंब्याच्या बागा मोहोराने भरलेल्या, काचा खाली केल्या की तो गोडसर वास. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं पण जानेवारीत कुणी हापूस देतो म्हटलं तर घेऊ नका, मोहोर झाडावर आहे अजून. कशेळीला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कोरलेला हत्ती आहे, कातळशिल्प, अख्खा हत्ती जमिनीवर, तिथे आम्ही भर उन्हात उभे होतो आणि आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. या पट्ट्यात जेवायचे मात्र हाल. एक बंद, एक 'ऑर्डर असेल तरच', एका ठिकाणी चायनीज. हो, चायनीज, आडवळणाच्या गावात, लाल झेंडा लावलेली गाडी. कोपऱ्यावरच्या टपरीवर घावणे मिळाले, गरम, जाळीदार, सोबत नारळाची चटणी नाही तर गूळ-खोबऱ्याचा रस. टपरीवाल्या वहिनींना विचारलं बोर्ड का नाही लावत, तर म्हणाल्या बोर्ड लावला की रस्तावाले येऊन काढतात.

विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा. देवगडला आंबा नव्हता म्हणून आंबापोळी आणि फणसपोळी भरून घेतली. मग मालवण, आणि मालवणात नवऱ्याची काळजी वाटत होती कारण गावभर बोर्ड बघितले तर सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोंबडी-वडे, खेकडा. शाकाहारी माणूस त्या बोर्डकडे बघून गाडीतच बसेल. पण फोन करून विचारलं तर त्याच खानावळीत त्याला वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, ओल्या काजूची उसळ (नुकता निघायला लागला होता), सोलकढी. वड्याचं पीठ म्हणजे तांदूळ, उडीद, हरभरा डाळ, धणे, मेथी, जाडसर दळलेलं, आंबवलेलं, केळीच्या पानावर थापून तेलात सोडला की टम्म. माझ्यासाठी बांगड्याचं तिखलं, तिरफळं घातलेलं, ज्याने तिरफळ खाल्लं नाही त्याला सांगते, दाताखाली दाणा नका देऊ, नुसता वास आणि ती जिभेवरची मुंग्यांसारखी झिणझिण घ्या. सोलकढी दोघांची कॉमन. बाटलीतल्या गुलाबी पाण्याला सोलकढी म्हणणाऱ्या सगळ्या हॉटेलवाल्यांना एकदा इथे आणून बसवायला हवं, नारळाचं दूध वाटून काढायचा कंटाळा आला की कढीचं पाणी होतं.

परुळे, भोगवे, वेंगुर्ले, शिरोडा. शिरोड्याची मिठागरं, इथे १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला, आजही पांढरे ढीग दिसतात. रेड्डीला पोचलो तेव्हा संपूर्ण वाटेवर आम्हाला एकही फूड मॉल लागला नव्हता, आणि पुढे तो येईल हीच माझी भीती आहे.

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे झाला २००२ मध्ये, जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांचं काय झालं ते पुण्याच्या माणसाला सांगायला नको. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, जिथे पूर्ण झालं तिथे काय दिसतं? कणकवलीत उड्डाणपूल झाला, वरून जाणाऱ्याला खालचं गावच दिसत नाही. सागरी महामार्गाचेही पूल होतील, बायपास होतील, मग मधे एक मोठा प्लॉट कुणातरी बाहेरच्याला मिळेल, तिथे काचेचं फूड कोर्ट, तोच वडापाव, तेच मिसळ-मॅगी, दुप्पट रेटने, आणि दिवेआगरच्या काकू, वेळासच्या घरचं पिठलं, गुहागरची डाळिंबी, टपरीवरच्या वहिनी सगळे रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. मग आम्हीच म्हणणार, कोकणात आता पूर्वीसारखं जेवण मिळत नाही.

कुणी म्हणेल बाईला पूल नको आहेत. नाही हो, रात्री बाळंतीण घेऊन जेटीच्या बंद गेटसमोर उभं राहिलेल्या माणसाला मी काय तोंडाने सांगू की तुम्ही थांबा, आम्हाला फोटो काढायचेत. पूल हवेतच. पण पूल झाल्यावर जेट्या चालू ठेवता येतात, थोडी सबसिडी देऊन, पर्यटकांसाठी. जुना गावातला रस्ता दुरुस्त ठेवता येतो आणि पुलाच्या आधी 'गावातून जाणारा किनारा मार्ग इकडे' असा बाण लावता येतो. विश्रांतीसाठी जिथे जागा घेतली जाईल तिथले गाळे त्याच ग्रामपंचायतीच्या बचत गटांना राखून ठेवता येतात, अट एकच, बाहेरून आणलेलं गोठवलेलं विकायचं नाही. यातलं काहीही रॉकेट सायन्स नाही.

आणि जे वाचक निघणार असतील त्यांच्यासाठी थोडं. ख्रिसमस ते नवीन वर्ष आणि लाँग वीकेंड टाळा, तेव्हा अलिबाग आणि मालवणात गाडी हलत नाही आणि खानावळवाल्यांना माणुसकीने वाढायला वेळ नसतो. पेट्रोल निम्मं झालं की भरा. सुटे पैसे ठेवा, रेंज नसली की यूपीआय गप्प बसतं. सकाळी नाश्त्याच्या टेबलावरूनच दुपारच्या जेवणाचा फोन करा, आणि एकदा सांगितलं की त्या वेळेला पोचा, कारण तुमच्या नावाचा नारळ तिकडे फुटलेला असतो. प्लॅस्टिकच्या बाटल्या गाडीतच ठेवून परत आणा, आरे-वारेला कड्यावरून खाली काय काय पडलंय ते मी बघितलंय.

संबंधित खात्यापर्यंत हे पत्र पोचलं आणि कुणी वाचलं तर एक विनंती, पुढच्या वेळी सर्व्हेला जाल तेव्हा घरच्या मंडळींना सोबत घेऊन जा, सरकारी गाडीने नको, आपल्या गाडीने, आणि दुपारचं जेवण रेस्ट हाऊसला न सांगता वाटेत शोधून खा. बायको टॉयलेट कुठे आहे विचारेल तेव्हा नकाशा काढून दाखवा.

कळावे,
आपली नियमित वाचक
पुणे